तीस जूनचा शिक्का

तेहेतीस अनारशांपैकी एकोणतीस धड निघाले आणि चार तळणीत हसले, तेव्हापासून अहिल्याबाई घुश्शात होत्या. दोष अर्थातच त्यांचा नव्हता, जर्मन तांदळाचा होता. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, पंख्याखाली वाळवला, तरी मेला हवा तसा होईना. शेवटी उल्काने उरलेल्या पिठात साखर थोडी कमी-जास्त करून चार अनारसे पुन्हा थापले आणि सासूबाईंचा आकडा पुरा करून दिला.

गुरुदत्तरावांच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तेवढ्यात आठ अधिक महिने आले आणि गेले, पण दरवेळी जावई टोरोंटोला नि सासू वाईला. या खेपेला एकदाचं जुळलं. अहिल्याबाई तीन महिन्यांसाठी मुलाकडे, श्रीधरकडे, बॉनजवळच्या खेड्यात आल्या होत्या. आणि त्यांची मुलगी स्नेहलता नि जावई शुक्रवारीच फ्रँकफर्टला उतरले होते, कारण श्रीधरकडेच राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, निहारला, नव्या क्लबाने घेतलं होतं. ओबरलिगा, म्हणजे फुटबॉलची पाचवी पायरी. पण जर्मनीतली. पुढच्या शनिवारी त्याचा पहिला सराव-सामना होता.

दोन हजार पंधराच्या बारा जुलैचा रविवार. दुपारी साडेबाराला जावयाला पाटावर, म्हणजे श्रीधरच्या जेवणाच्या टेबलाजवळच्या उंच खुर्चीवर, बसवलं. रांगोळी काढायची तर लाकडी फ्लोअर घरमालकाचा, म्हणून उल्काने ती ताटाभोवती टेबलावरच काढली होती. चांदीचं तबक, तेहेतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. अहिल्याबाईंनी ओवाळलं.

"असं काय करता आई, मी काय नवा जावई आहे का?" गुरुदत्तराव म्हणाले, पण चेहरा खुलला होता.

"आमच्यासाठी तुम्ही नवेच. कधी ताटावर सापडलात का आम्हाला?"

निहारने एक अनारसा उचलला. आजीने त्याच्या हातावर चापट मारली. सगळे हसले. आणि श्रीधरचा फोन वाजला.

श्रीधरने नाव बघितलं. "ब्र्योकर. निहारचा नवा ट्रेनर. रविवारी?" तो उठून खिडकीशी गेला. माणूस मोटारींच्या गिअरबॉक्समधला, वीस वर्षं कोलोनच्या एकाच कंपनीत. फोनवरही कागद समोर असल्यासारखं बोलायचा. "याऽ, हेर ब्र्योकर... याऽ... नाईन, नाईन, ते तर आम्ही जूनमध्येच..." मग तो नुसतं ऐकत राहिला. आणि फोन ठेवून वळला तेव्हा त्याने आधी निहारकडे बघायला हवं होतं, पण बघितलं उल्काकडे.

"ते अपमेल्डुंगचं पत्र तू कधी टाकलंस?"

उल्काच्या हातात वरणाचं भांडं होतं. तिने ते खाली ठेवलं.

"कुठलं पत्र?" गुरुदत्तरावांनी विचारलं.

श्रीधरने सांगितलं. निहार गेल्या सप्टेंबरात आला तेव्हा नुसता बसून राहू नये म्हणून मामाने त्याला इथल्या गावच्या क्लबात घातलं होतं. अगदी तळातली जिल्ह्याची लीग. बेकरीवाला, पोस्टमन, शाळामास्तर असले खेळाडू. पण खेळाडू म्हणून नाव एकदा त्या क्लबाकडे नोंदलं गेलं, की सोडताना त्यांना लेखी कळवावं लागतं, तेच अपमेल्डुंग. रजिस्टर्ड पत्राने. तीस जूनच्या आत. पत्रातली तारीख कोणी बघत नाही, टपालाचा शिक्का बघतात. एक दिवस उशीर झाला की नव्या क्लबाकडून एक जानेवारीपर्यंत सामना खेळता येत नाही.

"फेरबांडकडे, फुटबॉल संघटनेकडे, निहारची नोंद अजून गावच्याच क्लबात आहे," श्रीधर म्हणाला. "पत्र पोचलेलंच नाही. मी बावीस जूनला लिहून उल्काच्या हातात दिलं, आणि दोन आठवड्यांसाठी चीनला गेलो. उल्का, पावती कुठे आहे?"

उल्का देवघराकडे गेली. देवघर म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटाचा मधला कप्पा. तिथून तिने पांढरं पाकीट आणलं. पाकिटाच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लागलेलं होतं.

सगळे पाकिटाकडे बघत राहिले. निहार तेवढा विचारत राहिला, "व्हॉट? मामा, इज इट बॅड? आई, काय झालं?"

"तुला एक पत्र पोस्टात टाकता येत नाही?" श्रीधर ओरडला. नवऱ्याने पाहुण्यांसमोर ओरडण्याची वेळ उल्कावर अठरा वर्षांत आली नव्हती. "एक पत्र! पाच मिनिटांवर पोस्ट आहे. जर्मन वाचता येतं ना तुला? तीस जून लिहिलेलं दिसलं नाही?"

दिसलं होतं. उल्काने पत्र वाचलं होतं. तिला वाटलं, तीस जून ही क्लब सोडण्याची तारीख असेल. शेवटची मुदत आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. श्रीधर घरात कधीच काही समजावत नसे, नुसता कागद हातात द्यायचा आणि 'हे टाक' म्हणायचा. पण हे ती बोलली नाही. ती नणंदेकडे बघत होती.

कारण चोवीस जूनला दुपारी उल्का चपला घालून, पाकीट पर्समध्ये टाकून निघालीच होती. तेवढ्यात स्नेहलताचा फोन आला. सासूबाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. अख्ख्या घराला ऐकू यायचं. "आई, धोंड्याच्या महिन्यात निहारच्या खेळाचं काही नवं नको गं. मागच्या अधिकात अकॅडमीचा फॉर्म भरला नि पंधरा दिवसांत गुडघा गेला. सोळा जुलैला महिना संपतोय. सतराला टाका ना पत्र. वहिनीला सांग." उल्का दारात उभी राहून ऐकत होती. "वन्सं, त्यात तारीख आहे एक," ती म्हणालीसुद्धा. पलीकडून उत्तर आलं, "वहिनी, प्लीज. माझ्यासाठी." मुलाची आई म्हणते, तिथे मामी काय बोलणार? उल्काने पाकीट काढून सासूबाईंच्या हातात दिलं.

आता स्नेहलता समोर बसली होती आणि ताटातल्या पुरणपोळीकडे बघत होती. वर बघत नव्हती.

"तिला का बोलतोस?" अहिल्याबाई म्हणाल्या. "मी ठेवायला सांगितलं. अधिक महिना आहे. नवं काम नको म्हणून मीच देवापुढे ठेवलं."

उल्काने सासूबाईंकडे पाहिलं. म्हातारीने एका वाक्यात लेकीला बाजूला काढलं होतं. उल्काला राग आला, आणि त्या रागापेक्षाही जास्त तिला आश्चर्य वाटलं, की स्नेहलता अजूनही बोलत नाही.

गुरुदत्तराव खुर्चीतून उठले. तबकातला दिवा अजून जळत होता. "तुम्ही?" ते म्हणाले. "आई, तुम्ही? तुम्हाला माहीत आहे हे पत्र म्हणजे काय होतं?"

कोणाला माहीत असो नसो, त्यांना स्वतःला माहीत होतं. निहार सहा वर्षांचा असल्यापासून त्यांनी त्याला नेलं होतं. जानेवारीत उणे पंचवीसमध्ये, पहाटे पाचला, गाडीवरचं बर्फ खरवडून, हवा भरून उभ्या केलेल्या तंबूच्या मैदानांवर. कॅनडा हा देश आइस हॉकीचा. फुटबॉलची स्वतःची लीग नाही. एवढ्या मोठ्या देशात वरच्या लीगमधले क्लब तीन, आणि तीही लीग अमेरिकेची. त्या तीन क्लबांतही अमेरिकन पोरं घरची म्हणून धरतात, पण कॅनडाचा पोरगा सीमा ओलांडून अमेरिकन क्लबात गेला की परदेशी ठरतो. परदेशी जागा मोजक्या. त्या जागा त्यांना ब्राझीलच्या, कोलंबियाच्या खेळाडूंना द्यायच्या असतात. वेअरहाउसमधल्या सुपरवायझरच्या पोराला कोण देणार? हे सगळं गुरुदत्तरावांना पाठ होतं. म्हणून तर त्यांनी पोराला अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप नाकारायला लावली आणि जर्मनीला धाडलं. जर्मनीत प्रत्येक गावाला क्लब असतो, तिथे डाव्या पायाच्या बॅकला कोणीतरी बघेल, असं त्यांनीच म्हटलं होतं.

आणि बघितलं होतं. मेमध्ये ब्र्योकरने बघितलं. पाचव्या पायरीचा क्लब पगार देत नव्हता, पण क्लबाचा एक प्रायोजक घरोघरी हीटिंग बसवण्याचं काम करायचा. तो निहारला एक सप्टेंबरपासून आउसबिल्डुंगला, शिकाऊ कामाला, घेणार होता. त्यावर पुढचा व्हिसा मिळणार होता. आत्ताचा वर्षाचा परवाना वीस सप्टेंबरला संपत होता.

"श्रीधरराव," गुरुदत्तराव म्हणाले, "या गावच्या क्लबाचा अध्यक्ष तुमचा शेजारी आहे ना? त्याला फोन लावा. म्हणावं, पत्र हातात दिलं होतं, अठ्ठावीस जूनला. त्याने तशी पावती लिहून द्यावी. एक तारीख तर टाकायची आहे."

"गुरुदत्तराव, असं इथे..."

"इथे काय? इथे माणसं नाहीत?"

"खोटी तारीख कोणी टाकत नाही."

"तुमची गाडी काढा. मी जातो. मी पाया पडतो त्याच्या."

"त्याला तुमची भाषा कळणार नाही."

"तुम्हाला तर आमची पण कळेनाशी झाली!"

हे लागलं. श्रीधरला खरंच लागलं, कारण वडील गेले तेव्हाही स्नेहलता त्याला हेच म्हणाली होती. त्याने फोन उचलला. अध्यक्ष हेर लेनार्ट्झ बागेत असावा, मागे झाडांना पाणी घालण्याचा आवाज येत होता. श्रीधरने आधी सगळं खरं सांगितलं. लेनार्ट्झ हळहळला. निहार चांगला पोरगा आहे, आम्ही त्याला अडवणार नाही, आमची परवानगी लगेच घ्या, पण परवानगीने जानेवारीच मिळेल, शिक्का आमच्या हातात नाही. मग श्रीधर थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने आवाज खाली नेला आणि विचारलं, पत्र जूनमध्ये हातोहात मिळालं असं लिहून देता येईल का.

पाण्याचा आवाज बंद झाला.

"हेर रिसबूड," लेनार्ट्झ सावकाश म्हणाला, "मी हे ऐकलं नाही."

श्रीधरने फोन ठेवला. कान लाल झाले होते. उद्यापासून कचऱ्याचे डबे बाहेर काढताना या माणसाला गुटन मॉर्गन म्हणायचं होतं. वीस वर्षांत जमवलेली पत त्याने दोन मिनिटांत खर्च केली होती, आणि हाती काही आलं नव्हतं.

"आणि ब्र्योकर?" गुरुदत्तरावांनी विचारलं.

"त्याने ड्युसेलडॉर्फचा एक मुलगा घेतलाय त्या जागी. तो म्हणाला, जानेवारीत असलास तर ये, बघू. आउसबिल्डुंगची जागाही खेळाडूसाठी ठेवलेली आहे. ती आता त्या मुलाला."

"जानेवारीत तो इथे असणार कसा? परवाना सप्टेंबरात संपतो!"

"मला माहीत आहे."

गुरुदत्तरावांनी तबक पुढे ढकललं. पाच-सहा अनारसे रांगोळीवर पडले. "न्या हे," ते सासूला म्हणाले. "मला तुमचा मान नको. माझा मुलगा खाल्लात तुम्ही."

"गुरुदत्तराव!" श्रीधर पुढे झाला. मघाशी बायकोवर ओरडलेला तो आता आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. "माझ्या आईशी असं बोलायचं नाही. माझ्या घरात नाही."

"तुमचं घर? बरं. आम्ही हॉटेलात जातो."

अहिल्याबाईंनी पदराने रांगोळीवरचे अनारसे उचलले, एकेक पुसून ताटलीत ठेवले. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात जावयाने असं बोलावं, आणि तेही ज्या महिन्यात त्याला विष्णूच्या ठिकाणी मानायचं त्या महिन्यात, हे त्यांना सोसवत नव्हतं. तरी त्यांनी लेकीकडे मान वळवली नाही. वळवली असती तर जावयाच्या लक्षात आलं असतं.

निहार तेवढ्यात उठून गेला. जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज आला, एक पाय किंचित जड पडायचा, आणि वरचं दार लागलं.

स्वयंपाकघरात उल्का भांडी घासत होती. डिशवॉशर होता, पण ती घासत होती. स्नेहलता मागे येऊन उभी राहिली.

"वहिनी."

उल्काने नळ बंद केला नाही. "वन्सं, मी काही बोलले नाही. बोलणारही नाही. हे मला ओरडले, ते मी सोसलं. आईंनी तर आणखी पुढे जाऊन सगळं अंगावर घेतलं. पण त्यांना जन्मभर जावयाचं हे बोलणं ऐकू येत राहणार. तुम्ही सांगायला हवं."

"कोणाला? यांना?"

"त्यांना नका सांगू. निहारला सांगा."

स्नेहलता ओट्याला टेकली. "मी त्याचा गुडघा बघितलाय गं. ऑपरेशननंतर चार महिने मी त्याला बाथरूमला न्यायची. सतरा वर्षांचा मुलगा, आईच्या खांद्यावर हात टाकून. तुला वाटतं मला कळत नाही, महिन्याचा नि गुडघ्याचा काही संबंध नाही हे? कळतं. पण त्या दिवशी मला भीती वाटली. नुसती भीती. मला वाटलं, तीन आठवड्यांनी काय बिघडतंय."

"मलाही तसंच वाटलं," उल्का म्हणाली. तिने नळ बंद केला. "जा वर. आत्ताच जा. उद्यावर टाकलंत तर तुम्ही कधीच सांगणार नाही. मी ओळखते ना तुम्हाला."

स्नेहलता जिना चढली. मनात वाक्य जुळवत चढली. पत्र मी थांबवलं. आजीने नाही, मामीने नाही. मी. तीन शब्दांची गोष्ट होती. दार वाजवलं.

निहार पलंगावर बसला होता. मोजे काढून ठेवले होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकलेला. गुडघ्यावरची जुनी शिवण तो अंगठ्याने दाबत होता, नकळत, लहानपणी झोपताना उशीचा कोपरा दाबायचा तसा.

"बाबा हॉटेल शोधतायत?" त्याने विचारलं.

"राग शांत झाला की थांबतील."

"आई, मी बॅक गेलो ना, तर तिकडे काही नाहीये. अकॅडमीने सोडलं. कॉलेजला आपण नो म्हटलं. अमेरिकन टीम्सना मी फॉरेनर. इथे पण फॉरेनर. आय एम ट्वेंटी. वीस वर्षांचा, एक गुडघा शिवलेला लेफ्ट बॅक. असे लोक संपलेले असतात. ब्र्योकर लास्ट होता. मला माहीत होतं तो लास्ट आहे."

"असं नको रे म्हणूस."

"ट्रू आहे ते." तो रडत नव्हता. तेच तिला सहन होत नव्हतं. "बाबांनी वेअरहाउसमध्ये जागा बघून ठेवलीये. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले, जस्ट इन केस. मी हसलो होतो."

ती त्याच्या शेजारी बसली. आता बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं. "निहार, ते पत्र..."

"मी आजीवर चिडलो नाहीये," तो मध्येच म्हणाला. "शी इज ओल्ड. तिला काय कळतं लीगचं. मामीवर पण नाही, मामी सगळ्यांचं ऐकते. बट आय कीप थिंकिंग, एवढी सगळी माणसं होती या घरात, आणि माझ्या साइडला कोणीच नव्हतं. एक माणूस असता तर बास होतं." तो तिच्याकडे वळला. चेहरा सहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "तू इथे असतीस तर टाकलं असतंस ना पत्र? तू नसतं थांबवलंस. राइट, आई?"

खाली गुरुदत्तरावांचा आवाज पुन्हा चढला होता. श्रीधर काहीतरी उत्तर देत होता.

स्नेहलताने मुलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "त्याच दिवशी टाकलं असतं."

"आय नो," निहार म्हणाला, आणि ऑपरेशननंतर तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडू लागला.